प्रभूच्या मेजावरून उठवलेला माणूस

दावीद गेला. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा, आणि माझ्या आधी गेला. त्याच्या मयतीला आलेले तरुण पाळक भले गृहस्थ आहेत. आवाज गोड आहे, जाताना माझ्या पाया पडून गेले. पण कबरेपाशी उभं राहून ते म्हणाले, की आमचे दावीदभाऊ पुष्कळ वर्षं विश्वासात ढिले पडले होते, तरी प्रभूची दया मोठी आहे. लोकांनी माना हलवल्या. मला इतका राग आला, की कबरेत टाकायची मूठभर माती माझ्या मुठीतच राहिली. घरी आल्यावर दावीदच्या सुनेनं माझा हात उघडून पाहिला आणि म्हणाली, "आत्या, ही कुठली माती?"

ढिला पडला म्हणे. दोर आपोआप ढिला पडत नाही. कुणीतरी त्याची गाठ सोडतं, नाहीतर कुणीतरी तो तुटेपर्यंत ताणतं. दावीदचं काय झालं ते डोळ्यांनी पाहिलेली आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहिते. सावकाश लिहिते. एक तर हात कापतो, आणि दुसरं म्हणजे रागात भराभर लिहिलं की माणूस खोटं लिहून जातो. शाळेत इतकी वर्षं निबंध तपासले, तेवढं मला कळतं.

आमचं गाव बोरीपासून पायी तासाभरावर. राज्य निजामाचं होतं, पण गावात पाटील म्हणेल ते राज्य. आमचं घर महारवाड्याच्या टोकाला, ओढ्याच्या काठावर होतं. त्याच्यापुढं काळी शेतं आणि गावाची शीव. एक खोली, पुढं पडवी, आणि पडवीला लागून कडब्यानं शाकारलेली लांब छपरी. ती सहा दिवस शाळा असायची आणि रविवारी देऊळ. माझे वडील मिशनचे मास्तर आणि उपदेशक. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. बाप्तिस्म्यात त्यांना याकोब नाव मिळालं होतं. छपरीच्या आढ्याला त्यांनी आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा टांगला होता. चुडाव्याच्या स्टेशनावर हमाली करणाऱ्या एका ख्रिस्ती माणसानं तो त्यांना दिला, आणि आबांनी तो बैलगाडीत पोरासारखा मांडीवर घेऊन आणला. लोखंडी खिळ्यानं ते त्याच्यावर टोले द्यायचे. सकाळी शाळेचे, सांजेला प्रार्थनेचे. सांजेच्या टोल्यावर साऱ्या वस्तीच्या बायका चुली पेटवायच्या आणि आपापल्या देवाला दिवा लावायच्या. आबांना याचं फार हसू यायचं. "आपल्या घंटेवर मरीआईला दिवा लागायलाय," म्हणायचे, आणि पुन्हा तितक्याच जोरानं टोले द्यायचे.

मायला वाचता येत नव्हतं. आबा रोज सांजेला शास्त्रातून मोठ्यानं वाचायचे, ते ती भाकरी थापता थापता ऐकायची आणि पहाटे जात्यावर त्याची ओवी करायची. एक मला अजून पाठ आहे. "गाईच्या गव्हाणीत बाळाला टोचतो कडबा गं, माझी वाकळ घेऊन येते, घडीभर थांबा गं." बेथलेहेम बोरीच्या पुढच्या शिवारात असावं, असं मला पुष्कळ दिवस वाटायचं. जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरून करडईच्या तेलाची धार, आणि रविवारी भाजलेल्या डाळ-मसाल्याच्या पिठाची, म्हणजे येसराची आमटी. येसर भाजल्याचा वास आला की दावीद विचारायचा, "माय, आज ऐतवार हाय का?" माझं बहुतेक खाणं पुस्तक पुढ्यात ठेवून व्हायचं. घरात पुस्तकं मोजकीच, ती मी पुन्हा पुन्हा वाचायची. बोरीच्या सरकारी शाळेत उर्दू शिकवत. आमच्या छपरीत आबा मराठी शिकवत, आणि मुलींना मुलांच्याच रांगेत बसवत.

शेजारचं घर आबांच्या थोरल्या भावाचं, सटवाकाकांचं. काकांनी धर्म बदलला नव्हता. ते आबांना त्यांच्या जुन्या नावानं, किसना म्हणूनच हाक मारायचे. दोघे पडवीत बसले की वाद ठरलेला.

"काय रे किसना, तुमच्या देवाला बकरं लागत न्हाई, कोंबडं लागत न्हाई. मंग त्याचं पोट कशानं भरतं? नुसत्या गाण्यानं?"

"दादा, त्याचं पोट आपण भरायचं नसतं. तोच आपलं भरतो."

"मंग तुझं कामून असं खपाटीला गेलंय?"

आणि दोघंही हसायचे. माय आतून ओरडायची, "भावजी, च्या घ्या अन् देवाला सोडा थोडा वेळ."

प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या सांजेच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरीचा घास आणि द्राक्षांच्या रसाचा घोट घ्यायचा विधी, मात्र रोजची गोष्ट नव्हती. त्याचा अधिकार फक्त पाळकांना. ते परभणीहून दोन-तीन महिन्यांतून एकदा घोड्यावरून येत. येण्याआधी थोडे गहू आणि मूठभर मनुका पाठवत. आमच्याकडं गहू सणालाही दिसत नसे. माय ते गहू वेगळे निवडायची, जातं धुऊन पुसून दळायची, आणि त्याची एकच जाड पोळी करायची, विधीत तिलाच भाकर म्हणत. मनुका भिजवून कुस्करून त्यांचा रस काढायची. ती पोळी तव्यावर असताना आम्हाला चुलीपाशी बोलायची बंदी होती.

आणि आबा आदल्या सांजेला घराबाहेर पडायचे. ज्याच्याशी महिनाभरात बोलाचाली झाली असेल त्याच्या दारात जाऊन माफी मागायचे. हा नेम आमच्या लहानशा मंडळीत सगळेच पाळायचे, पण आबा ख्रिस्ती नसलेल्यांच्या दारातही जायचे. लोक चेष्टा करायचे. "मास्तर आला म्हणजे उद्या त्याच्या देवाचं जेवण हाय." घरी परत आल्यावर मायला विचारायचे, मग मला. "इस्तर, मी तुला उगीच रागावलो होतो का गं?" माझं नाव एस्तेर, घरात इस्तर. मी म्हणायची, होय, पुस्तक हिसकावलं होतं. मग ते हात जोडायचे. बापानं हात जोडलेले पाहून मला रडू यायचं. एवढी तयारी करून तो माणूस दुसऱ्या दिवशी मेजापुढं बसायचा. मेज कसलं, एक चौरंग आणि त्याच्यावर मायचं धुतलेलं लुगडं. पण त्या एका घासासाठी आबा सारं वर्ष जगत होते, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, म्हणजे पुढं त्यांच्यापासून काय हिसकावलं ते कळेल.

त्या साली श्रावणात वाखा आला. आता त्याला कॉलरा म्हणतात. वस्तीला पाटलाच्या विहिरीवर पाय ठेवायची मनाई. आम्ही ओढ्याच्या वाळूत झरे खणून पाणी भरायचो, आणि वरच्या अंगाला सारा गाव गुरं-धुणी करायचा. आबांनी परभणीहून लाल दवा आणली, झऱ्यात टाकली, दारोदार पाणी उकळा म्हणून सांगत फिरले. "सरपण तुमचा देव आणून देतो का मास्तर?" असं विचारणारी म्हातारी चौथ्या दिवशी गेली. तिला खांदा द्यायला आबाच होते. सटवाकाकांचा महादू, चांगला मिसरूड फुटलेला गडी, सकाळी शेतात गेला आणि दिवस मावळायच्या आत संपला. आबांनी आणि काकांनी मिळून खड्डा खणला.

मग पाटलानं मरीआईचा गाडा काढायचं ठरवलं. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. लाकडाचा छोटा गाडा करतात, त्यात देवी बसवतात, खण, बांगड्या, हळद-कुंकू, नारळ, दहीभात ठेवतात, आणि वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडतात, म्हणजे रोगही गाड्याबरोबर जातो. ओढायचं काम आमच्या वस्तीचं. पूजा साऱ्या गावाची आणि ओढणं आमचं. गाडा एकदा निघाला की वाटेत थांबू द्यायचा नाही. जिथं थांबेल तिथं देवी उतरते, आणि मग त्या जागेचं, तिथल्या माणसांचं काय करायचं ते गाव ठरवतं. एका गावात गाडा थांबला म्हणून वस्तीची घरं पेटवली होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

आबांनी काकांना सांगून पाहिलं. "दादा, हा रोग पाण्यातून येतो. गाडा ओढून जायचा न्हाई."

"मला ठावं हाय का कशानं जातो?" काका म्हणाले. "महादू गेला तवा तुजी लाल दवा बी झऱ्यात व्हती. तू घरात बस. ख्रिस्तावाला म्हणून तुला सोडलंय पाटलानं. आमाला सोडलं न्हाई."

आबा घरात बसले. आम्ही सगळेच दार लोटून बसलो आणि आबांनी प्रार्थना सुरू केली. हलगीचा आवाज जवळ येत गेला. वस्तीत धड उभे राहतील असे पाच-सहाच गडी उरले होते, तेही जागरणानं खंगलेले. ओढ्याच्या उतारावर, आमच्या दारासमोरच, गाड्याचं चाक चिखलात रुतलं. काळ्या रानाचा चिखल ज्यानं पाहिला आहे त्याला चाक रुतणं म्हणजे काय ते कळेल. हलगी थांबली. मागं, चांगल्या लांब अंतरावर, गावातली माणसं काठ्या घेऊन उभी होती. तिकडून आरडाओरडा सुरू झाला. "ओढा रे! थांबला! वस्तीतच थांबला!" आणि मग पाटलाचा आवाज, स्वच्छ ऐकू आला. "दिवटी आणा."

मी दाराच्या फटीला डोळा लावला होता. सटवाकाका चाकाखाली खांदा घालून रेटत होते, आणि रेटता रेटता गुडघ्यावर बसले, मग आडवे झाले. बाकीचे दोर धरून नुसते उभे राहिले. आबांनी प्रार्थनेतलं वाक्य अर्धवट सोडलं. उठले. माय दारात आडवी आली.

"अहो, तुमी नका. मिशनला कळलं तर?"

"सगुणे, दादा पडलाय," एवढंच म्हणाले, आणि तिला बाजूला सारून बाहेर गेले.

त्यांनी काकांना ओढून काठावर घेतलं, त्यांच्या जागी खांदा लावला, आणि ओरडले, "दोर ताणा रे, एकदम!" दुसऱ्या की तिसऱ्या हिसक्याला चाक निघालं. शीव समोरच होती. आबा शिवेपर्यंत गेले, गाडा पलीकडं ढकलला आणि वळून न पाहता परत आले. गाड्यातली हळद हिसक्यानं उडून त्यांच्या कपाळावर, दाढीवर बसली होती. ते तसेच काकांपाशी बसले आणि त्यांच्या तोंडात मीठ-साखरेचं पाणी घालू लागले. काका वाचले. वस्ती पेटली नाही. सांजेला आबांनी टोले दिले आणि मधेच सोडलेली प्रार्थना पुरी केली.

दसरा झाल्यावर पाळकसाहेब आले. ते नगरकडचे, शिकलेले, पांढरा स्वच्छ कोट, बोलणं शुद्ध. त्यांच्या कानावर सगळं आधीच गेलं होतं. कुणी घातलं ते मी कधी शोधलं नाही. मायनं पोळी केली होती, रस काढला होता. आबा आदल्या सांजेला दारोदार फिरून आले होते. मंडळी चटईवर बसली. पाळकांनी भाकरीवरचं फडकं काढलं नाही. म्हणाले, "याकोब मास्तर, उभे राहा. आपण देवीचा गाडा ओढलात, हे खरे आहे काय?"

"व्हय साहेब. चाक रुतलं व्हतं, ते काढलं."

"मूर्तिपूजेच्या कार्यात आपण भाग घेतलात."

"पूजा न्हाई केली साहेब. भाऊ पडला व्हता. वस्ती जाळायला निघाले व्हते."

"प्रभूसाठी लोक सिंहांच्या तोंडी गेले, मास्तर."

"सोताच्या जिवासाठी न्हाई गेलो साहेब. मी घरात व्हतो. मला कुणी हात लावणार नव्हतं."

पाळकांचं आधीच ठरलेलं होतं. ते म्हणाले, "वाद नको. मंडळीपुढे एवढेच म्हणा, की मी मूर्तीची पूजा केली, हे पाप मी कबूल करतो. मी आत्ता तुम्हाला मेजावर घेतो."

एक वाक्य. छपरीतल्या प्रत्येकाला वाटत होतं, म्हणून टाका मास्तर. मलाही वाटत होतं. आबांनी हात जोडले, जसे माझ्यापुढं जोडायचे तसेच.

"साहेब, जे केलं न्हाई ते केलं म्हणून त्याच्या मेजावर कसं बसू? त्याच्यापुढं खोटं कसं बोलू?"

"हा गर्व आहे," पाळक म्हणाले. "तुम्हाला मेजावरून दूर ठेवण्यात येत आहे. उपदेशकाचे कामही तुमच्याकडे राहणार नाही. कबूल कराल तेव्हा बोला."

आणि फडकं काढून त्यांनी भाकर मोडली. मायनं केलेली भाकर. ताटली रांगेतून आली आणि आबांपाशी आल्यावर त्यांच्या डोक्यावरून पुढं गेली. आबा मान खाली घालून बसले होते. माझा नऊ वर्षांचा भाऊ उठला. त्यानं त्या ताटलीकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं आणि बाहेर जाऊन लिंबाखाली बसला. दावीद त्यानंतर देवळात कधी बसला नाही. स्वतःच्या मुलांच्या लग्नालासुद्धा तो दारापर्यंत आला आणि बाहेरच खुर्ची टाकून बसला. पाळकबाबा, माझ्या भावाचा विश्वास ढिला पडला नाही. त्याच्या बापाच्या डोक्यावरून ताटली पुढं गेली.

नोकरी गेली. आबा छपरीत शिकवत राहिले, टोले देत राहिले. वस्तीतले लोक मूठमूठ ज्वारी आणून देत. गावातले काहीजण टोमणे मारायला चुकत नव्हते. "काय मास्तर, आमच्या देवाला सोडलं, आता तुमच्यानंबी सोडलं?" मी शाळेच्या फळ्यामागं बसून हे ऐकायची आणि पाटी फोडावी असं वाटायचं. मला त्या पाटलाचा राग आला होता, ज्यानं दुसऱ्याच्या खांद्यावर स्वतःचा देव वाहिला आणि दुसऱ्याचं घर जाळायला दिवटी मागितली. पण त्याच्याकडून मी कधी काही अपेक्षिलंच नव्हतं. पाळकांकडून अपेक्षिलं होतं. म्हणून तो राग वेगळा होता, आणि अजून आहे.

हिवाळ्यात आबांना ताप धरला. छाती वाजू लागली. अंगातलं मांस उतरत गेलं. नाताळ तोंडावर आला तेव्हा ते उठायचे राहिले. एका दुपारी म्हणाले, "दादा, साहेबांना एवढा निरोप देशील का? म्हणावं, एकदा भोजन द्या." सटवाकाका त्याच पावली परभणीला निघाले. परत आले ते एकटेच. पडवीत मटकन बसले. पाणीही घेतलं नाही.

"काय म्हणले?" मायनं विचारलं.

"म्हणले, ते एक वाक्य दोन साक्षीदारांपुढं म्हणू द्या, मी लगेच येतो." काकांचा श्वास लागला होता. "मी म्हणलो, साहेब, त्यानं पूजा केली न्हाई. मी तिथंच पडलो व्हतो. पूजा मी केलो, गावानं केली. मरीआईची आण घेऊन सांगतो, त्यानं न्हाई केली. तर म्हणले, तुमची शपथ इथं चालत न्हाई."

माय हसली. त्या घरात त्या महिन्यात हसलेली ती एकदाच, आणि ते हसणं ऐकून मी घाबरले.

पण याहून वाईट पुढं होतं. माय पाणी आणायला गेली तेव्हा आबांनी मला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "इस्तर," ते म्हणाले, "तू दाराच्या फटीतनं बघत व्हतीस. खरं सांग. मी पूजा केलो का गं?"

त्या माणसानं माझ्या बापाची नोकरी घेतली, त्याचं मला फारसं नाही. मेजावरून उठवलं, तेही मी कदाचित गिळलं असतं. पण ज्या माणसानं आयुष्यात स्वतःला फसवलं नाही, त्याच्या मनात त्यानं हा प्रश्न घातला. मरायला टेकलेला माणूस अंथरुणात पडून स्वतःचा खांदा तपासत होता. तो चाकाला लागला की देवीला, हे शोधत होता. प्रभू आपल्याला ओळखेल का, याची त्यांना शंका आली होती. याची क्षमा कर, असं मला सांगितलं जातं. सभांमधून, प्रार्थनेतून, चांगल्या माणसांच्या तोंडून. मी त्या पाळकांसाठी प्रार्थना करते, दर रविवारी, नाव घेऊन. तेवढंच करते.

मी म्हणाले, "न्हाई आबा. तुमी देवीकडं बघितलंच न्हाई. तुमी काकांच्या पायाकडं बघत व्हते. त्यांचे पाय चिखलातनं बाहेर आले का, ते बघत व्हते."

आबा म्हणाले, "व्हय. त्याची एक वहाण आतच राहिली."

माय दारात घागर घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. घागर उतरवली, हात धुतले आणि चूल पेटवली. गहू नव्हते, ज्वारीचं पीठ घेऊन तिनं एक भाकर थापली. मनुका नव्हत्या, अंबाडीची वाळलेली बोंडं पाण्यात उकळली, पाणी लाल झालं. चौरंग अंथरुणाशी ठेवला. मला म्हणाली, "इस्तर, त्या सांजेचं वाच." कुठलं, ते विचारायची गरज नव्हती.

आबा म्हणाले, "सगुणे, तुला अधिकार न्हाई. मला बंदी हाय."

"मला ठावं हाय मला न्हाई," माय म्हणाली. "ज्याला हाय त्याला मी मागितलंय. तो येईना. मंग मी थेट मेजाच्या धन्याला विचारलं. तुमी तोंड उघडा."

सटवाकाका उंबऱ्यावर होते. त्यांनी दबकत विचारलं, "मला बी थोडं देशील का बाई?"

"न्हाई भावजी," ती म्हणाली. "तुमी मरीआईचे. खोटं कामून खाता? बसा तिथंच, सोबत."

काका बसले. मी वाचलं. मायनं भाकर मोडली. आबांनी तो घास कितीतरी वेळ तोंडात ठेवला. मग लाल पाण्याचा घोट घेतला आणि आंबट लागलं म्हणून तोंड वाकडं केलं, आणि हसले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. काकांनीच खड्डा खणला, ओढ्याच्या काठावर, आमच्याच जागेत. शास्त्रातलं मी वाचलं.

दुःखात विश्वास बळकट होतो असं म्हणणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. त्यांचं दुःख कसलं असेल कोण जाणे. माझा विश्वास त्या दिवसांत भाजलेल्या हातासारखा झाला होता. कशालाही लागला की आग व्हायची. पण हात माझा होता, तोडून टाकावा असं वाटलं नाही. दावीदला वाटलं, आणि त्याला मी कधी बोल लावला नाही. आम्ही दोघं एकाच गोष्टीवर रागावलो होतो. मला एवढंच दिसत होतं, की त्या माणसावर रागावून मी प्रभूला सोडलं, तर मेज त्या माणसाचंच होतं हे मी कबूल केल्यासारखं होईल. ते मी कधीच कबूल करणार नव्हते.

नाताळाला पाळकसाहेब आले. नवा मास्तर मिळेपर्यंत मंडळी आमच्याच छपरीत जमत होती. त्यांनी मायचं सांत्वन केलं, प्रभूची इच्छा म्हणाले. त्यांनी पाठवलेले गहू तिनं निवडले, दळले, पोळी केली. दावीद म्हणाला, "तू कामून करायलीस माय? त्याला करू दे की." ती म्हणाली, "त्याच्यासाठी न्हाई करायले."

ती पहिल्या रांगेत बसली. पाळक ताटली घेऊन आले तेव्हा तिनं दोन्ही हात पुढं केले. ओंजळ नव्हे, दोन तळवे, वेगवेगळे. पाळकांनी उजव्या हातावर तुकडा ठेवला. डावा हात तसाच राहिला.

"हे काय, सगुणाबाई?"

"ह्यांचा."

"बाई, असा नियम नाही."

"व्हय, न्हाई," ती म्हणाली. हात मागं घेतला नाही.

पाळक पुढं गेले. पेला फिरला, गीत झालं, शेवटची प्रार्थना झाली, आशीर्वाद झाला. माय तशीच बसून होती, उजव्या तळव्यावर तुकडा, डावा रिकामा. मंडळी उठली, पण कुणी बाहेर गेलं नाही. उरलेली भाकर पाळकांनीच खाऊन संपवायची असा आमच्यात नेम आहे. ताटलीत एक तुकडा उरला होता. पाळकांनी तो उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबले. मला त्यांच्या चेहऱ्यात पश्चात्ताप दिसला असं मी लिहिणार नाही, दिसला नाही. थकवा दिसला. ते दोन पावलं आले, तो तुकडा मायच्या डाव्या हातावर ठेवला आणि आपल्या सामानाच्या खोक्यात पेला ठेवायला वळले.

मायनं आधी डावा खाल्ला, मग उजवा. सावकाश. मग ताटली घेतली, ओढ्यावर जाऊन राखेनं घासली, पदरानं पुसली आणि स्वतः त्यांच्या खोक्यात ठेवली.

"पुढच्या खेपेला गहू थोडे जास्त पाठवा साहेब," ती म्हणाली. "आमच्यात दोन घास लागतात."